आर१५ कुठल्या क्लासला, आरसी ३९० कुठल्या? हौशी रोड रेसिंगच्या वर्गवारीबद्दल

इचलकरंजीच्या एका २३ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे: "दादा, माझ्याकडे २०१९ ची आर१५ व्ही३ आहे. तीनेक लाख साठवलेत. ट्रॅकवर रेस करायचीय. आर१५ विकून आरसी ३९० घेऊ का? मित्र म्हणतो सेकंडहँड ६०० घे आणि एकदम वरच्या क्लासला उतर. मला अजून हेच कळत नाही की कुठली गाडी कुठल्या क्लासमध्ये बसते."

आधी थेट उत्तर देतो. तुझी यामाहा आर१५ विकू नकोस. तुझी गाडी १६५ सीसीच्या नवख्यांच्या क्लासची आहे, आणि देशात नवीन रायडरसाठी याहून चांगली शाळा नाही. केटीएमची आरसी ३९० वाईट नाही, पण तिची वेळ अजून आलेली नाही. ६०० सीसीच्या गाडीचा विचार डोक्यातून काढ. का ते आता नीट सांगतो, कारण हाच प्रश्न मला दर हंगामाच्या आधी दहा जण विचारतात आणि त्यातले निम्मे जण गाडी आधीच घेऊन बसलेले असतात.

मी स्वतः काही हंगाम रेस केली. त्यानंतर गेली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या रेससाठी तयार करतोय. कोल्हापूर ते चेन्नई आणि कोल्हापूर ते कोइम्बतूर या टेम्पोच्या फेऱ्या मी मोजणं सोडून दिलंय. या फेऱ्यांत सगळ्यात जास्त वाईट कधी वाटलं असेल, तर चांगला रायडर चुकीच्या गाडीवर आलेला बघून. अपघातात गाडी मोडते, ती दुरुस्त होते. चुकीच्या क्लासमध्ये पोराचं अख्खं वर्ष जातं.

क्लासचं नाव वाचायला शीक

भारतात ट्रॅकवरच्या रेसिंगची मान्यता एफएमएससीआय या देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाकडून मिळते, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाचे बहुतेक राउंड चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर होतात. जुने लोक त्याला एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात, आता त्याचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. तुझ्यासाठी एक गंमतीची गोष्ट सांगतो. तुझ्याकडून जो हायवे पुण्याला जातो, तोच एनएच ४८ दुसऱ्या दिशेनं बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकच्या शेजारून चेन्नईला पोचतो. टेम्पो हायवेला लावायचा आणि नऊशेच्या वर किलोमीटर सरळ जायचं.

गेल्या काही वर्षांतल्या क्लासची नावं बघ: 'स्टॉक १६५ सीसी नोव्हिस', 'प्रो-स्टॉक १६५ सीसी ओपन', 'स्टॉक ३०१-४०० सीसी नोव्हिस', 'प्रो-स्टॉक ३०१-४०० सीसी ओपन', 'स्टॉक १६५ सीसी गर्ल्स'. प्रत्येक नावात तीन गोष्टी सांगितलेल्या आहेत. पहिला शब्द गाडीत किती काम करायला परवानगी आहे ते सांगतो. मधला आकडा इंजिनाचा. शेवटचा शब्द रायडरचा: नोव्हिस म्हणजे नवखे, ओपन म्हणजे सगळ्यांना खुला, म्हणजेच तिथं कंपन्यांच्या टीमचे पगारी रायडर तुझ्या शेजारी उभे असणार.

येणारा प्रत्येक मुलगा फक्त मधला आकडा बघतो. मी त्यांना पहिला आणि शेवटचा शब्द आधी वाचायला लावतो. पैसा किती लागणार ते पहिल्या शब्दावर ठरतं आणि तू कोणाशी लढणार ते शेवटच्या शब्दावर. आकडा त्या दोघांच्या मागून येतो.

स्टॉक म्हणजे इंजिन कंपनीनं दिलं तसं. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढायचे असतात, ते सुरक्षेसाठी. त्यापलीकडे मोजक्याच गोष्टींना मुभा असते. प्रो-स्टॉकमध्ये मोकळीक वाढते, आणि मोकळीक वाढली की खर्चही वाढतो. इंजिन उघडायची परवानगी ज्या क्लासमध्ये आहे तिथं ते उघडावंच लागतं, कारण शेजारच्यानं उघडलेलं असतं. म्हणून नवख्याला मी कायम सांगतो की परवानगी जितकी कमी तितकं तुझ्या फायद्याचं. तुझ्याकडे डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) नाही, कॅम घासून देणारा माणूस नाही. मग या गोष्टींना बंदी असलेलाच क्लास धर.

आणि एक सवय आजपासून लाव. नियमावलीत जे करायला लिहिलेलं नाही, ते करायचं नाही. "नको असं कुठं लिहिलंय?" हा प्रश्न स्क्रुटिनिंगला, म्हणजे गाडीच्या तांत्रिक तपासणीला, चालत नाही. मी तयार केलेली नाही, पण माझ्याच टेम्पोतून आलेली एक गाडी होती, नोव्हिस स्टॉकची. मुलगा पहिल्या तीनात आला. रेसनंतर गाड्या पार्क फर्मेला, म्हणजे तपासणीसाठी बंदिस्त ठेवायच्या जागी, गेल्या, तांत्रिक तपासणीत एअरबॉक्सचं झाकण मूळचं नसल्याचं निघालं. गावच्या गॅरेजवाल्यानं आवाज चांगला येतो म्हणून कधीतरी कापून ठेवलं होतं, मुलाला पत्ताही नव्हता. निकालातून नाव गेलं. त्या झाकणानं त्याला अर्धी अश्वशक्तीही मिळाली नसेल. परतीच्या वाटेवर चित्रदुर्ग येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक सेकंडहँड गाडी मी आधी पूर्ण स्टॉक करून घेतो. तुझी व्ही३ तू स्वतः नवीन घेतली असशील तर उत्तम. दुसऱ्याकडून घेतली असशील तर एअरबॉक्स, ईसीयू, सायलेन्सर, गिअरिंग सगळं तपासून घे.

सीसी हे माप ओबडधोबड आहे, पण ते असं का आहे ते समजून घे

आता मधल्या आकड्याकडे येतो. इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण गाडी निवडताना सगळा गोंधळ इथेच होतो.

आयोजकाला गाड्यांचे गट पाडायचे असतात. प्रत्येक गाडीची ताकद मोजत बसणं अवघड. सिलिंडरचा बोअर आणि स्ट्रोक मोजणं सोपं, आणि त्यात फसवणूकही पकडता येते. म्हणून जगभर सीसीवर वर्ग पडले. पण सीसी सारखी असली म्हणजे गाड्या सारख्या होत नाहीत.

होंडाच्या टॅलेंट कप या रेस मालिकेतलं उदाहरण घे. तिथं काही वर्षं एनएसएफ२५०आर नावाची गाडी धावायची. ती रस्त्यावर चालवायची गाडीच नाही, शुद्ध रेससाठी बनवलेली. वजन फक्त ८४ किलो, ताकद जवळपास ४८ पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीच). तिच्याच कंपनीची सीबीआर२५०आर आपल्या रस्त्यावर होती. तीही एका सिलिंडरची, तीही २५० चीच. पण ताकद साधारण २६ पीएस आणि वजन १६० किलोच्या वर. सीसी तीच, वजन दुप्पट आणि ताकद निम्मी. या दोघींना एका ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या रांगेत, उभं करणं म्हणजे शर्यतीच्या खोंडाशेजारी नांगराचा बैल जुंपणं.

उलट उदाहरणही बघ. रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० ही ६४८ सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची), ताकद ४७ पीएस, वजन २०० किलोच्या वर. केटीएम आरसी ३९० म्हणजे ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ४३.५ पीएस, वजन १७२ किलो. कागदावर एक गाडी दुसरीच्या पावणेदोन पट मोठी. ट्रॅकवर आरसी तिला वळणात उभीही राहू देणार नाही.

आणि कावासाकीची झेडएक्स-४आर भारतात २०२३ मध्ये आली. ३९९ सीसी, चार सिलिंडर, ७७ पीएस. सीसीच्या पट्टीनं ती आरसी ३९० च्या शेजारी '३०१-४००' मध्ये येते. ताकद मात्र जवळपास पावणेदोन पट. म्हणून नुसता आकडा बघून गाडी घ्यायची नाही, त्या क्लासच्या नियमावलीत पात्र गाड्यांबद्दल काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचायचं.

ही अडचण वरपासून खालपर्यंत सगळ्यांनाच आली. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा प्रत्येक फेरीला एक स्फोट, फोर-स्ट्रोकचा दोन फेऱ्यांना एक. म्हणून २००२ मध्ये मोटोजीपी ही सगळ्यात वरची जागतिक मालिका आली तेव्हा ५०० च्या टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीचे फोर-स्ट्रोक ठेवले. पुढं २०१२ मध्ये १२५ च्या टू-स्ट्रोक क्लासच्या जागी २५० फोर-स्ट्रोकची मोटो३ आली, तोच दुप्पटचा हिशोब. सिलिंडर जास्त असले की प्रत्येक पिस्टन लहान, स्ट्रोक आखूड, इंजिन जास्त आरपीएमला फिरतं आणि तेवढ्याच सीसीत जास्त ताकद देतं. म्हणून वर्ल्ड सुपरबाइकमध्ये, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या जागतिक मालिकेत, सुरुवातीला ७५० च्या चार सिलिंडरवाल्यांसमोर १००० ची ट्विन चालायची, आणि २००८ पासून १००० च्या समोर १२०० ची. तिच्या खालच्या सुपरस्पोर्ट वर्गात ६०० चार सिलिंडर, ६७५ तीन सिलिंडर, ७५० दोन सिलिंडर असं प्रमाण बरीच वर्षं होतं.

नंतर त्यांच्या लक्षात आलं की हेही पुरत नाही. २०१७ मध्ये वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० सुरू झाली, त्यात यामाहाची ३२१ सीसीची आर३, आपल्या चाकणला बनणाऱ्या जातीची आरसी ३९०, पुढच्या वर्षी निन्जा ४०० आणि त्यांच्यासोबत ४७१ सीसीची होंडा सीबीआर५००आर, सगळ्या एकाच ग्रिडवर. जमवलं कसं? प्रत्येक मॉडेलला वेगळी आरपीएमची मर्यादा आणि वेगळं किमान वजन देऊन. जी गाडी जास्त पळते तिला लगाम. २०२२ पासून सुपरस्पोर्टमध्येही हाच मार्ग घेतला, म्हणून ९५५ सीसीची डुकाटी ६०० च्या यामाहाशी लढताना दिसली.

पण लक्षात ठेव, हा समतोल साधायला डेटा लागतो, तंत्रज्ञांची फौज लागते. आपल्या हौशी रेसिंगमध्ये ते परवडत नाही. इथं सीसीचीच पट्टी आहे, आणि त्या पट्टीत जी गाडी सगळ्यात जास्त ताकदीची, हलकी आणि सुट्या भागांना स्वस्त, तिच्याभोवती क्लास गोळा होतो. म्हणून कुठल्याही क्लासची 'खरी' गाडी ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मागच्या हंगामाच्या निकालाची यादी काढ आणि पहिल्या पंधरात कुठलं मॉडेल किती वेळा आहे ते मोज. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी टीमचे तंबू लागतात त्या जागी) ज्या गाडीचे क्लच लिव्हर शेजारच्या तंबूत उसने मिळतात, ती तुझी गाडी.

१६५: आर१५ चं घर

हा १६५ आकडा विचित्र वाटतो ना? आपल्या बाजारातल्या गाड्यांकडे बघ म्हणजे कळेल. आर१५ व्ही३ आणि व्ही४ दोन्ही १५५ सीसी. जिक्सर १५५. अपाचे आरटीआर १६० ४व्ही १५९.७. पल्सर एनएस१६० १६०.३. हॉर्नेट १६०आर १६२.७. या सगळ्या त्या रेषेच्या आत बसतात. देशात रोज विकल्या जाणाऱ्या गाड्यांनाच हा क्लास सामावून घेतो, म्हणून इथं ग्रिड भरतं.

पण सामावून घेणं वेगळं आणि जिंकता येणं वेगळं. नोव्हिस स्टॉकमध्ये आर१५ चीच गर्दी असते आणि त्याला कारण आहे. २००८ मध्ये पहिली आर१५ आली तेव्हापासूनच तिच्यात लिक्विड कूलिंग, सहा गिअर आणि डेल्टाबॉक्स फ्रेम होती. त्या वेळी आपल्याकडे त्या किमतीत असं काही नव्हतं. व्ही३ ला व्हीव्हीए आलं, म्हणजे ७४०० आरपीएमच्या पुढं इनटेकचा कॅम बदलतो आणि वरच्या टप्प्यात इंजिन दम सोडत नाही. चेन्नईच्या दमट उन्हात सहा-आठ लॅप पूर्ण थ्रॉटलवर मारले की एअर-कूल्ड गाडी हळूहळू मंदावते, लिक्विड-कूल्ड तशी मंदावत नाही. शेवटच्या दोन लॅपला हा फरक डोळ्यांनी दिसतो.

व्ही३ की व्ही४? व्ही४ मध्ये पुढं अपसाइड डाउन फोर्क (उलटं बसवलेलं पुढचं सस्पेन्शन) आहे, ब्रेकिंगला पुढचा भाग जास्त विश्वास देतो. इंजिनात जमीन-अस्मानाचा फरक नाही. त्यासाठी गाडी बदलायची गरज नाही. तुझ्या फोर्कमध्ये तेल बदल, नियमात मुभा असेल तर थोडं जाड तेल घाल, तेवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघेल.

हा क्लास शिकवतो काय? वेग सांभाळायला. साडेअठरा-एकोणीस पीएसमध्ये वळणात दहा किलोमीटरचा वेग गमावलास तर तो पुढच्या सरळ रस्त्यावर परत मिळत नाही, गिअर किती का पाडेनास. इरुंगट्टुकोट्टैचा पूर्ण ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. त्याचं पहिलं वळण सी-वन, वेगवान उजवं. १६५ वर तिथं थ्रॉटल किती कमी सोडतोस यावर तुझा अख्खा लॅप ठरतो. चांगला रायडर या गाडीवर दोन मिनिटांच्या आसपास लॅप काढतो. नवीन मुलगा पहिल्या दिवशी त्याहून पुष्कळ मागे असतो, आणि गाडी तीच असते. ही सगळी सेकंदं ब्रेक उशिरा आणि हळुवार लावण्यात, रेषेत, आणि नजर कुठं आहे त्यात असतात. ३९० वर हीच चूक थ्रॉटल पिळून झाकली जाते. झाकलेली चूक तुला कळत नाही आणि पुढं ती दुप्पट वेगानं समोर येते.

कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे तर २.१ किलोमीटरचाच. कारिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक लहान गाड्यांसाठी फार छान. सरळ भाग कमी, दिशा बदलणं जास्त. पहिल्यांदा ट्रॅक डे (रेस नसताना ट्रॅकवर सराव करायचा दिवस) कुठं करू असं विचारलंस तर मी कारी सांगेन.

वजनाबद्दल मुलं विचारतात, म्हणून हिशोब मांडतो. आर१५ साधारण १४२ किलो. साठ किलोचा रायडर आणि आठ किलोचं सूट-हेल्मेट धरलं तर २१० किलो. नव्वद किलोचा रायडर असेल तर २४०. म्हणजे प्रत्येक किलोमागची ताकद आठव्या हिश्शानं कमी. आरसी ३९० वर हाच तीस किलोचा फरक नवव्या हिश्शाचा. टक्केवारीत फार अंतर नाही, पण १६५ वर तू लॅपचा बराच भाग थ्रॉटल पूर्ण उघडून असतोस, म्हणून तिथं वजन जास्त भोवतं. तू सत्तरीच्या आत असशील तर चिंता नको. नव्वदीच्या वर असशील तर एक हंगाम १६५ वर शिकून सरळ ३०१-४०० च्या नोव्हिसला जा. जिंकता येत नाही म्हणून तिथं खचत बसू नकोस.

मधल्या गाड्यांची कुचंबणा

इथं बऱ्याच जणांचे पैसे अडकतात. आरसी २०० आणि एनएस२०० दोन्ही १९९.५ सीसी. १६५ च्या बाहेर आणि ३०१ च्या कितीतरी खाली. पूर्वी २०१-३०० चा प्रो-स्टॉक क्लास असायचा, त्यात सीबीआर२५०आर आणि निन्जासारख्या गाड्या धावायच्या, पण १९९.५ तिथंही दीड सीसीनं बाहेर. गेल्या काही वर्षांत मुख्य क्लास १६५ आणि ३०१-४०० याच दोन पट्ट्यांत राहिले. निन्जा ३०० चं इंजिन २९६ सीसीचं, म्हणजे चार-पाच सीसीनं ती वरच्या पट्टीत जात नाही. गाडी सुंदर, ट्रॅक डेला मजा देणारी, पण उभी कुठं करायची?

वरच्या टोकालाही तेच. एप्रिलिया आरएस ४५७ आपल्या बारामतीत बनते याचा मला फार अभिमान आहे. ४५७ सीसीची ट्विन, जवळपास ४८ पीएस, वजन १७५ किलो. चेसिस तर असा की वळणात घातल्यावर सोडवत नाही. पण ४५७ म्हणजे ४०० च्या वर, आणि ३०१-४०० ची पट्टी तिला घेत नाही. तिच्यासाठी क्लास जाहीर झालाय का ते त्या वर्षीच्या यादीत बघायचं आणि मगच शोरूमची पायरी चढायची.

३०१-४००: आरसी ३९०, आरआर ३१०, आर३

या पट्टीत मुख्यतः आरसी ३९०, टीव्हीएस अपाचे आरआर ३१० आणि यामाहा आर३ दिसतात. आरआर ३१० चं इंजिन ३१२ सीसीचं. आधी ३४ पीएस होतं, २०२४ च्या मॉडेलला ३८. आर३ ३२१ सीसीची ट्विन, ४२ पीएस, इंजिन गुळगुळीत आणि दणकट, पण भाग महाग. आरसी चाकणला बनते, भाग पुण्यात लगेच मिळतात, आणि खालच्या आरपीएमचा ओढा जबरदस्त. खासगी रायडरनं स्वतःच्या पैशानं या क्लासला यायचं असेल तर माझं मत आरसीकडे.

पण खर्च बघ. टायर १६५ पेक्षा लवकर झिजतात आणि जोडी महाग येते. ब्रेक पॅड, चेन, क्लच, सगळ्याचा दर वर. पडलास तर फेअरिंग, रेडिएटर, फूटपेग. तुझ्या तीन लाखांत आरसी येईल, पण ती घेतल्यावर रेस करायला हातात काही उरणार नाही. हेच तीन लाख आर१५ वर खर्च केलेस तर सूट, ट्रेनिंग, दोन-तीन ट्रॅक डे, टायर, एंट्री फी आणि एका पडण्याचा खर्च एवढं सगळं निघतं. मुलगा गाडीत पैसे घालतो आणि ट्रॅकवर घालायचे तास विकत घ्यायला त्याच्याकडे काही राहत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हात जोडून सांगतो.

गाडी न घेताही रेस करता येते

हा भाग तुला कोणी सांगितला नसेल. आपल्याकडे वन-मेक रेसिंग फार मजबूत आहे. एकाच मॉडेलच्या सारख्या तयार केलेल्या गाड्या, आयोजकांनी दिलेल्या, आणि तू फक्त सूट-हेल्मेट घेऊन जायचं. टीव्हीएसच्या वन-मेकमध्ये नवख्यांसाठी आणि महिलांसाठी अपाचे आरटीआर २०० ची, आणि वरच्यांसाठी आरआर ३१० ची ग्रिड असते. होंडाच्या टॅलेंट कपमध्ये लहान वयाच्या मुलांना घडवतात. रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात मघाशी सांगितलेली ती जड ६५० च धावते, पण समोरच्याकडेही तीच गाडी असल्यानं जडपणाला अर्थच उरत नाही, आणि रेसेस अतिशय चुरशीच्या होतात.

इथं निवड चाचणी असते. लॅप टाइम बघतात. म्हणून चाचणीला जायच्या आधी ट्रॅकवरचे तास गाठीशी हवेत, आणि ते तास तू तुझ्या आर१५ वर मिळवायचेस. माझ्या मते तुझ्यासाठी हाच सगळ्यात चांगला क्रम: स्वतःच्या आर१५ वर ट्रेनिंग आणि ट्रॅक डे, त्याच गाडीवर नोव्हिस स्टॉक, आणि सोबत वन-मेकच्या निवडीला दरवर्षी अर्ज.

बहीण किंवा मैत्रीण सोबत येत असेल तर तिलाही आण. गर्ल्सचा वेगळा क्लास मुलींची संख्या वाढावी म्हणून आहे, त्या हळू असतात म्हणून नाही. वर सांगितलेल्या सुपरस्पोर्ट ३०० चं २०१८ चं जागतिक विजेतेपद स्पेनच्या अना कारास्कोनं निन्जा ४०० वर सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकलंय.

सेकंडहँड ६०० बद्दल

थोडक्यात. मोठ्या गाड्यांच्या रेसेस पूर्वी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर व्हायच्या, तेव्हाही ग्रिड लहानच असायचं. नवखा मुलगा ६०० वर दोनदा घाबरला की त्याचं शिकणं थांबतं, कारण सगळं लक्ष जीव सांभाळण्यात जातं. शिवाय इथंही आकड्याचा सापळा आहे. कावासाकीची झेडएक्स-६आर ६३६ सीसीची. ६०० च्या नियमात ती ३६ सीसीनं जास्त, म्हणून जागतिक सुपरस्पोर्टसाठी कावासाकीला कितीतरी वर्षं ५९९ ची वेगळी आवृत्ती ठेवावी लागली. ६०० घ्यायचीच असेल तर पाच-सहा वर्षांनी, ट्रॅक डेसाठी घे.

आणि कोल्हापूर भागात आहेस म्हणून हेही सांगतो: घरात काकांची आरएक्स१०० किंवा शोगन असेल तर ती सर्किट रेसिंगच्या या कुठल्याच क्लासची नाही. ड्रॅग रेसिंगमध्ये टू-स्ट्रोकचे स्वतंत्र गट असतात, तिथं तिला मान आहे. आधी ती जपून ठेव.

परदेशात असलेल्यांसाठी

अमेरिकेतून, इंग्लंडमधून विचारणारेही आहेत. कॅलिफोर्नियात एएफएम हा १९५४ पासूनचा क्लब थंडरहिल, सोनोमा, बटनविलो या ट्रॅकवर रेसेस घेतो. तिथं एकच गाडी एका वीकेंडला दोन-तीन क्लासमध्ये धावू शकते, कारण स्वतःच्या क्लाससोबत एक पायरी वरच्या क्लासमध्येही एंट्री घेता येते. यामुळं ट्रॅकवरचा वेळ स्वस्तात दुप्पट होतो. इंग्लंडमध्ये १९०९ पासूनच्या बेमसी या क्लबचा मिनिट्विन्स क्लास बघा, सुझुकी एसव्ही६५० सारख्या साध्या ट्विन गाड्यांवरचा. नियम कडक, गाड्या जुन्या आणि स्वस्त, गर्दी भरपूर. तिथला 'आर१५ क्लास' तोच समजा.

आता तू काय करायचं

एफएमएससीआयची त्या वर्षीची तांत्रिक नियमावली आणि प्रत्येक राउंडच्या आधी निघणारे पुरवणी नियम उतरवून घे, छापून काढ, आर१५ शेजारी बसून ओळ न् ओळ ताडून बघ. रेसिंग लायसन्ससाठी मान्यताप्राप्त अकादमीचं ट्रेनिंग आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, ते आधी उरक. इरुंगट्टुकोट्टैला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग भरतात, पैसे जमले तर तिथलं पहिलं लेव्हल तरी कर.

सूटमध्ये काटकसर नको. एकसंध लेदर सूट, पाठीचं प्रोटेक्टर, डबल-डी पट्ट्याचं हेल्मेट. सूट अंगाला घट्टच हवा, रस्त्यावर उभं राहून बघताना अवघडल्यासारखं वाटलं तरी चालेल, गाडीवर वाकलास की बरोबर बसतो.

गाडीचं म्हणशील तर ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरचे बोल्ट ड्रिल करून लॉकवायर कर (सैल होऊ नयेत म्हणून तारेनं बांध), रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भर, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की मागच्याच्या टायरखाली ते साबणासारखं होतं. मागच्या स्प्रॉकेटपाशी पायाचं बोट अडकू नये म्हणून गार्ड लाव, लिव्हर गार्ड बसव. चेनची ढील गाडीवर तू बसलेला असताना मोज, एकट्या गाडीवर नाही. ही कामं तुझी तू कर. स्क्रुटिनिंगच्या रांगेत अधिकाऱ्यानं "ही वायर कोणी बांधली?" विचारलं की "मी" म्हणता यायला हवं, आणि ती कशी बांधली हे दाखवताही यायला हवं.

पहिला ट्रॅक डे झाला की लॅप टाइम आणि मागच्या टायरच्या दोन्ही कडांचे फोटो पाठव. टायर कुठपर्यंत आणि कसा घासलाय ते बघून नोव्हिसला याच हंगामात एंट्री टाकायची की पुढच्या, ते आपण ठरवू.